धमाचौकडीनंतर धाप

विलास, तुझा फोन सध्या माझ्याकडे आहे. तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी माधुरीवहिनींनी तो चार्जरसकट माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "शोभाताई, तुमच्या फिल्मवाल्यांचं तुम्हीच पाहा. दर वेळी तेच तेच सांगणं मले नाही होत." तेव्हापासून तो वाजतोच आहे. पोट्टे फोन करतात. "सर, माझी फिल्म घेतली ना?" मी सांगते, सर नाहीत रे आता, सर गेले. "अरे बाप रे. कसं काय मॅडम?" मी सांगते कसं काय. आणि मग हळूच, "पण मॅडम, फिल्म घेतली ना?"

मी त्यांच्यावर रागावत नाही. तूच त्यांना अशी सवय लावून ठेवली आहेस. या नागपुरात कोणी मोबाइलवर चार मिनिटांचं काही शूट केलं की त्याला ठाऊक असतं, धंतोलीत एक दातांचा डॉक्टर आहे, तो कोणालाच नाही म्हणत नाही.

आणि ते 'कसं काय' सांगताना माझी मलाच चीड येते. तुझ्या दवाखान्याच्या गल्लीत दगड भिरकावला तर तो हृदयाच्या डॉक्टरच्या पाटीवरच आपटेल. अख्ख्या विदर्भातून लोक गाड्या करून तिथं छाती दाखवायला येतात. आणि त्यांच्या मधोमध बसणारा तू, आदल्या दिवसापासून छाती चोळत होतास आणि वहिनींना सांगत होतास, "गॅस आहे. आलूबोंडे जास्त झाले." नुसता रस्ता ओलांडायचा होता रे. लोकांचे किडलेले दात बघून 'आधी काहून नाही आले' म्हणून ओरडणारा माणूस तू. आता तुझ्यावर ओरडायचं तर कुठं येऊन ओरडू, ते तरी सांग.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलते, तेही बोलते. पण आधी आपलं भांडण, ते तू मधातच टाकून गेलास.

आपला महोत्सव म्हणजे नेमकं काय, हे बाहेरच्याला सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. मार्चच्या शेवटी एक रविवार, समाजभवनाचा वरचा हॉल, मधोमध शिवण असलेला पडदा आणि चार डेझर्ट कूलर. त्या कूलरचा आवाज इतका, की फिल्ममध्ये कोणी हळू बोललं तर ते त्याचं त्यालाच ऐकू जावं. म्हणून शांत फिल्म आली की कूलर बंद आणि मारामारीची आली की चालू. बाकी नाव नाही, बक्षीस नाही, परीक्षक नाहीत. नाव नाही कारण ते तुझ्यामाझ्यात ठरलंच नाही. बॅनरवर अजूनही नुसतं 'लघुपट महोत्सव' लिहिलेलं आहे आणि ते बघून लोक विचारतात, कोणाचा?

हे सुरू कसं झालं तेही सांगण्यासारखं नाही. एका पोराची दाढ काढताना तुला कळलं की त्याने फिल्म केली आहे आणि ती कुठंच लागत नाही. झालं. पुढं कितीतरी वर्षं तू खुर्चीतल्या प्रत्येक माणसाला महोत्सवाबद्दल सांगत आलास. तोंड उघडं, त्यात कापूस आणि नळी, जबडा बधिर. तो बिचारा नाही कसं म्हणणार? आपले निम्मे प्रेक्षक असे मिळालेले आहेत. मी तुला म्हणायचे, विलास, हे प्रेक्षक नाहीत, हे ओलीस आहेत. तू म्हणायचास, "येतात ना पण?"

निवड करू या, असं मी पहिल्या वर्षापासून म्हणत आले. मी शाळेत मराठी शिकवलं, जन्मभर निबंध तपासले. चांगलं आणि वाईट यात फरक असतो असं मानणारी बाई मी. तुला तो फरक कळत नव्हता असं नाही, कळून तू त्याच्याकडे काणाडोळा करायचास. एका फिल्ममध्ये भूत होतं आणि त्याने दिग्दर्शकाच्या आईचा गाऊन घातला होता. गाऊनवर बारीक फुलं होती आणि खिशातून चष्म्याचा दांडा डोकावत होता. मी म्हटलं, ही काय फिल्म आहे? तू म्हणालास, "बनवली ना त्यानं."

बनवली ना. या दोन शब्दांनी तू माझं डोकं किती उठवलं आहेस, याचा हिशेब नाही. काड्यापेटीतल्या काड्यांची फिल्म आली, त्यात दोन काड्यांचं लग्न लागतं आणि वरातीत सगळं वऱ्हाड पेटतं. बनवली ना. एका गुरुजींनी स्वच्छतेवर फिल्म केली, त्यात वर्गातलं प्रत्येक पोर कॅमेऱ्याकडे बघून एकेक वाक्य म्हणतं आणि मागून गुरुजींचा हात 'पुढचा, पुढचा' करताना दिसतो. बनवली ना. कन्हानच्या पुलासमोर कॅमेरा ठेवून एकाने नुसता पूल दाखवला. पूल, पाणी, पूल, आणि शेवटी एकदाची मालगाडी येते तर फिल्मच संपते. मी म्हटलं, गाडी तरी जाऊ द्यायची होती याने. तू डोळे पुसत होतास. कशासाठी पुसत होतास, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारलं तर म्हणालास, कूलरची हवा लागली.

बरं, सगळ्या घ्यायच्या तर निदान ओळ तरी नीट लावू या, हे माझं दुसरं म्हणणं. कोणती आधी, कोणती नंतर. पण पहिल्याच वर्षी एका पोराची फिल्म नेमकी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर आली, अर्धे लोक डबे उघडायला उठून गेले आणि तो जिन्यात बसून रडला. तेव्हा तू जाहीर करून टाकलंस, यापुढे फिल्म बाराखडीच्या ओळीनं लागतील. फिल्मचं नाव 'अ'वरून तर आधी, 'ह'वरून तर शेवटी. कोणाचा कोणावर उपकार नाही, कोणाची तक्रार नाही.

तक्रार नाही म्हणे. नागपूरची पोरं तुला कळलीच नाहीत. दुसऱ्या वर्षी सगळ्या फिल्मची नावं 'अ'वरून. अंधार, अंत, अबोल, अनामिक, आणि एकाने तर नुसतं 'अ'. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे साडेदहाचा कार्यक्रम म्हणजे लोक बारा वाजता येतात आणि 'अ'वाल्यांची फिल्म रिकाम्या खुर्च्या बघतात. तिसऱ्या वर्षी सगळे उठले आणि शेवटाकडे पळाले. क्षितिजापार, क्षणभर, ज्ञात, अज्ञातसुद्धा. ज्याने 'अज्ञात' ठेवलं त्याला शब्द कुठल्या अक्षरापासून सुरू होतो हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याच वर्षी तुझ्या कॉम्प्युटरने 'क्षितिजापार'ला उचलून 'कौल'च्या मागे बसवलं, कारण त्याच्या हिशेबी क्ष हा क च्या घरातला. तो पोरगा पहिलीची अंकलिपी घेऊन माझ्या घरी आला. "मॅडम, हे पाहा, क्ष शेवटी आहे. तुम्हीच शिकवलं होतं." शिकवलं होतं खरं. मी तुला फोन केला तर तू दात काढून राहिला होतास. पेशंटचे नव्हे, स्वतःचे. इतका हसलास की मागून पेशंट विचारत होता, डॉक्टर, बरं आहे ना?

तू आणि मी ही बाराखडी एकाच शाळेत शिकलो, विलास. तिचा असा उपयोग होईल असं त्या गुरुजींनाही वाटलं नसेल.

हे सगळं मी सहन केलं, हसूनही घेतलं. पण 'धाप'चं मी विसरले नाही.

रोशनी कन्हानहून आली होती. बाप कोळशाच्या खाणीत कामाला, आई दम्याची. आईला घेऊन ती धंतोलीतल्या एका छातीच्या दवाखान्यात यायची, तिथल्या बाकावर बसून राहायची, आणि बसल्या बसल्या तिने मोबाइलवर आईचा श्वास शूट केला. बस, तेवढंच. आईचा चेहरा, छातीवरचा पदर वर-खाली, नळी, आई मधूनच कॅमेऱ्याकडे बघून 'बंद कर वं' म्हणते, आणि पुन्हा श्वास. आई पुढं राहिली नाही. पोरीने ते जोडलं, नाव दिलं 'धाप' आणि तुझ्याकडे आणून दिलं. तुझ्या सगळ्या महोत्सवांत मिळून खरोखरीची फिल्म म्हणावी अशी ती एक होती. हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं.

आणि तुझ्या बाराखडीत 'धाप'च्या आधी काय आलं? 'धमाचौकडी'. बुटीबोरीच्या एका कापड गिरणीतल्या पोरांनी शिफ्ट बदलताना केलेली. त्यात सुपरवायझरची पँट मशीनमध्ये अडकते आणि तो अख्ख्या खात्यातून टॉवेल गुंडाळून पळतो. पोरांचा काही दोष नाही, गमतीची होती. मीसुद्धा हसले. हॉल नुसता फुटत होता, लोक एकमेकांना टाळ्या देत होते. ती संपली, तू उठून दोन्ही हात वर करून कूलर बंद करायची खूण केलीस. शांत फिल्म होती ना पुढची. आणि ते हसू अजून घशात असताना पडद्यावर रोशनीची आई आली, तोंड उघडून श्वास ओढत.

लोक हसले. सगळे नाही, पण पुष्कळ. त्यांना वाटलं, हाही विनोदच असणार. मागून एक जण म्हणाला, "आता हिले काय झालं?" कूलर बंद होते म्हणून ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. रोशनी माझ्याच ओळीत बसली होती. ती उठली, ओढणी सावरली आणि माझ्या गुडघ्यांना धक्का देत बाहेर निघून गेली. मी मागं धावले तोवर ती जिना उतरून गेटच्या बाहेर पडली होती.

मी परत वर आले ते तुझ्याशी भांडायलाच. आणि तू काय म्हणालास? म्हणालास, "शोभा, तू बाहेर होती. तू पाहिलंच नाही. दोन मिनिटांत हॉल गप्प झाला वं. तोच हसणारा माणूस, तोच मागचा, रडून राहिला होता. त्या फिल्मनं इतक्या लोकाईले पकडून खाली बसवलं. ते थांबली असती तं तिले दिसलं असतं."

मी म्हटलं, ती थांबली नाही, कारण तिची आई होती ती. तू म्हणालास, "म्हणून तं."

म्हणून तं काय? हे तू कधी पुरं केलंच नाहीस. तीन वर्षं मी तुझ्या मागे लागले. ती फिल्म पुन्हा दाखव, नीट जागी दाखव, आणि त्या पोरीला एकदा सांग की चुकलं आपलं. तू ऐकायला तयार नाही. म्हणायचास, पुन्हा दाखवली तर तिच्या फिल्मले आधार लागते असं होईल. तिले आधार लागला नव्हता. तुझ्या पुतणीच्या लग्नात पंगतीला बसून आपण यावर भांडलो, वाढणारा भाजीचं भांडं घेऊन उभाच राहिला. रूट कॅनालच्या मधात भांडलो, तेव्हा खुर्चीतल्या बाईने तोंडातल्या नळीसकट मान हलवून माझी बाजू घेतली. तुला माणसं कळतात असं सगळे म्हणतात. म्हणोत. मला तर वाटतं तुला फक्त फिल्म कळायच्या, आणि त्यासुद्धा सगळ्या सारख्याच.

हे लिहिलं आणि पुसणार होते. राहू दे.

कारण गेल्या महिन्यात तू एकदम वळलास. मी दवाखान्यात आले होते, मला आता आठवतही नाही कशाला. तू हातमोजे काढत म्हणालास, "चल, या साली बाराखडी बंद. ओळ तू लाव. ते धाप पण लाव, तुले पाहिजे तिथं." मी म्हटलं, आणि तू काय करणार? तू म्हणालास, "मी मागं बसतो आणि पाहतो, तू काय करतेस ते."

पाहतो म्हणालास. पाहिलंस?

सांगते, तूच ऐक मग. सगळ्यात आधी तुझ्यावरच्या फिल्मचं. हो, तुझ्यावर फिल्म आली आहे. निखिलने केली, तो तुझा लाडका, गाऊनवाल्या भुताचा दिग्दर्शक. नाव काय ठेवावं त्याने? 'ज्ञानयोगी विलाससर'. ज्ञ. आता बाराखडी नाही हे त्याला माहीत होतं, तरी हाताची सवय गेली नाही. त्यात तू स्लो मोशनमध्ये दवाखान्याचं शटर उघडतोस. मागं बासरी. मग एक पान झाडावरून पडतं. मग तुझा फोटो आणि त्यावर हळूहळू विरघळत जाणारी समई. मी ती घरी बघितली तेव्हा कपाळाला हात लावला. निवड माझ्याकडे होती ना या वेळी? नाही म्हणायची पहिली संधी आयुष्यात मिळाली होती, आणि समोर फिल्म कोणती तर तुझी. निखिलला फोन लावला. त्याने उचलला, म्हणाला, "मॅडम, कशी झाली?" मी म्हटलं, बनवलीस ना. आणि फोन ठेवून दिला.

मग मी शक्कल लढवली. ती सगळ्यात पहिली लावली. साडेदहाला हॉलमध्ये असतं कोण? मी, वहिनी आणि खुर्च्या. कोणी पाहणार नाही, निखिलचं मन राखलं जाईल आणि तुझी अब्रूही. पण या वर्षी तुझ्यासाठी म्हणून सगळे वेळेवर आले. साडेदहाला हॉल भरलेला, माणसं भिंतीला टेकून उभी. नागपुरात मी हे कधी पाहिलेलं नाही. तुझे सगळे ओलीस आले होते, बत्तिशी शाबूत असलेले आणि नसलेले. बासरी सुरू झाली, पान पडलं. मी वहिनींकडे बघायचं टाळत होते. समई आली तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले. मी हात धरला, म्हटलं, वहिनी, सावरा. त्या पदरात तोंड खुपसून हसत होत्या. "शोभाताई," म्हणाल्या, "हे शटर कधी उघडत होते? ते तं कंपाउंडर उघडे." मग आम्ही दोघी हसलो आणि मागच्यांना वाटलं आम्ही रडतो आहोत. एका बाईने मागून माझ्या पाठीवर हात फिरवला. मग खरोखरच रडू आलं. एवढा वैताग मला कोणी दिलेला नाही, मेल्यावरसुद्धा.

पुढची ओळ मात्र मी मन लावून लावली होती. आठवडाभर त्याच फिल्म पुन्हा पुन्हा पाहिल्या. हसण्याच्या सगळ्या एकत्र, जेवणाआधी. भुताच्या दुपारी, लोक पेंगतात तेव्हा. गिरणीतल्या पोरांनी या वर्षी नवी पाठवली होती, ती मी पार संध्याकाळी ठेवली, 'धाप'पासून शक्य तितकी लांब. 'धाप' चहाच्या आधी, आणि तिच्याआधी तो कन्हानचा पूल. 'तुले पाहिजे तिथं' ही तुझी परवानगी आठवली, म्हटलं, एक पुन्हा दाखवायची तर दोन. पूल, पाणी, पूल, लोक आपोआप शांत होत गेले. कूलर मी पुलाच्या वेळीच बंद करवले होते, मध्येच खटका नको म्हणून. मालगाडी आली, फिल्म संपली, कोणी हललं नाही. आणि त्या शांततेत रोशनीची आई आली.

एकही माणूस हसला नाही. कोणी खोकलंही नाही. रोशनी माझ्या शेजारी बसली होती. मीच तिला फोन करून बोलावलं होतं, म्हटलं होतं, सरांची चूक झाली होती, या वेळी मी लक्ष घालते आहे. तिने माझा हात धरला नाही की काही नाही, ताठ बसून पडद्याकडे बघत होती. शेवटपर्यंत बघितली तिने. संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, नीट, बेताच्या, देवळात वाजवाव्यात तशा.

मी जिंकले होते, विलास. जे मी तीन वर्षं म्हणत होते ते डोळ्यांसमोर खरं झालं होतं. आणि त्याच वेळी मला तुझा असा काही राग आला की काय सांगू. कारण तिथं बसून मी वाट बघत होते, मागचा कोणीतरी रडेल म्हणून. कोणी रडलं नाही. लोक आधीपासूनच गप्प होते, मी त्यांना गप्प करून आणलं होतं, म्हणून ते गप्प राहिले. त्या वर्षी त्यांना रोशनीच्या आईने गप्प केलं होतं. तू जे म्हणत होतास ते मी पाहिलं नव्हतं, मी जिन्यात होते. आणि आता ते कधीच दिसणार नाही, कारण मी बंदोबस्तच तसा केला. मागं वळून तुला म्हणायचं होतं, हे तुला आधी नीट सांगता येत नव्हतं का? 'म्हणून तं' काय, 'म्हणून तं'? मास्तरणीशी बोलताना वाक्य पुरं करायला काय झालं होतं? मागं तुझ्या जागी कोणीतरी आपली पिशवी ठेवली होती.

तरी मी म्हणते, तू त्या पोरीशी वाईट वागलास. एक फोन करायचा होता. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही घेऊन मी आता एकटी बसले आहे, हा तर खरा त्रास.

चहाला सगळे जिन्यापाशी उभे होते. रोशनी कप घेऊन माझ्याकडे आली. "जयभीम मॅडम," म्हणाली. "आज बरोबर झालं. खूप बरं वाटलं. त्या टाइमले सरनं माझ्या फिल्मची पार वाट लावली होती."

निखिल बाजूला होता, त्याने मान हलवली. "सर मोठे होते, पण ते बाराखडीचं खूळच होतं यार." आणखी दोघं-तिघं हसले, प्रेमानेच. ही माझीच वाक्यं होती, विलास. खूळ हा शब्दसुद्धा माझा. गेली तीन वर्षं मी हेच बोलत आले, तुझ्या तोंडावर, तुझ्या पेशंटसमोर.

आणि मी त्या पोरीवर चढलेच. कप खाली ठेवला आणि सुरू झाले. "वाट कायले लावली? तू होती काय हॉलमध्ये?" बोलताना मला ऐकू येत होतं की ही माझी भाषा नाही. शाळेत पोरांच्या वह्यांतून मी हे 'कायले' लाल शाईने खोडत आले. "तू तं उठून गेली. मंग तुले काय माहीत? हसले, हसले तं हसले. तुझ्या आईनं त्या अख्ख्या हॉलले दोन मिनिटांत चूप केलं, ते पाहायले थांबायचं होतं ना."

रोशनीचा चेहरा उतरला. डोळे भरले, पण ती मागं हटली नाही. म्हणाली, "मॅडम, माझी आई होती ते. लोक हसून राहिले होते." मग डोळे पुसत, "आणि फोनवर तं तुम्हीच म्हणाल्या, सर चुकले म्हणून. तुम्ही आहात तरी कोणाच्या बाजूनं?"

निखिलने माझ्याकडे बघितलं, वहिनींनीही बघितलं. मी म्हटलं, "तीन वर्षं तुझ्याच बाजूनं होते गं. पण तेव्हा त्याच्या बाजूनं बोलायला तो होता."